एकूण किती लागतील?

हे मनोरे पाहा. अमेरिकेच्या वायव्य कोपऱ्यात, वॉशिंग्टन राज्यातल्या सॅटसॉपला, दाट झाडीच्या वर डोकं काढून ते उभे आहेत. उंची जवळपास दीडशे मीटर. अणुवीज केंद्रातलं गरम पाणी थंड करण्यासाठी ते बांधले. त्यातून वाफ मात्र एकदाही निघाली नाही. आत उभं राहून टाळी वाजवली, तर आवाज कितीतरी वेळ घुमत राहतो.

हे काम कुठल्या खासगी कंपनीचं नव्हतं. ‘वॉशिंग्टन पब्लिक पॉवर सप्लाय सिस्टिम’ ही १९५७ साली उभी राहिलेली, लोकांच्या मालकीची संस्था. या राज्यात बऱ्याच जिल्ह्यांत लोकांच्या वीज संस्था आहेत आणि त्यांचे आयुक्त मतदार निवडून देतात. अशा जिल्हा संस्था आणि काही शहरं एकत्र आली. प्रत्येकीने आपला एकेक प्रतिनिधी संचालक मंडळावर पाठवला. त्यात शेतकरी होते, गुरं पाळणारे होते, छोटे व्यावसायिक होते. आपलं कामधाम सांभाळून ते बैठकीला यायचे. संचालकांनी पैसे खाल्ले, अशी ही गोष्ट नाही. म्हणूनच ती जास्त अस्वस्थ करते.

सत्तरच्या दशकात या मंडळाने एकदम पाच अणुवीज केंद्रं हाती घेतली. विजेची मागणी वर्षाला सात टक्क्यांच्या आसपास वाढत राहणार, असं तेव्हा धरलं जात होतं. सात टक्के म्हणजे दर दहा वर्षांनी दुप्पट. त्यातच जून १९७६मध्ये बॉनव्हिल पॉवर अ‍ॅडमिनिस्ट्रेशन या केंद्र सरकारच्या वीज यंत्रणेने स्थानिक संस्थांना कळवलं, की १९८३नंतर तुमच्या वाढत्या मागणीला आम्ही पुरे पडू शकणार नाही. अंधाराची भीती मोठी असते. चौथ्या आणि पाचव्या केंद्रासाठी ८८ संस्थांनी करारावर सह्या केल्या.

त्या कराराचा गाभा नीट ऐका. केंद्र पूर्ण होवो न होवो, वीज मिळो न मिळो, कर्जाचे हप्ते भरायचेच.

सिएटलमध्येही हाच प्रस्ताव आला होता. शहराच्या स्वतःच्या वीज खात्याला त्यात हिस्सा घ्यायचा होता. पण शहराने आधी अभ्यास करून घेतला. मागणी खरोखर इतकी वाढेल का? आहे ती वीज वाचवायला किती खर्च येईल? उत्तर आलं, की मागणी सांगतात तितक्या वेगाने वाढणार नाही आणि बचत स्वस्त पडेल. त्याच १९७६ साली सिएटलच्या नगर परिषदेने चौथ्या-पाचव्या केंद्राला नकार दिला. मला हा नकार त्या सगळ्या सह्यांपेक्षा मोलाचा वाटतो. तो विरोधासाठी विरोध नव्हता. समोर ठेवलेला आकडा दुसऱ्या कुणाकडून तरी तपासून घ्यायचा, एवढंच त्यांनी केलं.

बांधकाम सुरू होतं आणि आराखडे अजून पुरे व्हायचे होते. एकेका जागेवर डझनावारी कंत्राटदार. आधी बांधायचं, मग नियम बदलला म्हणून तोडायचं, पुन्हा बांधायचं. मंडळापुढे वाढीव खर्चाचे प्रस्ताव येत राहिले आणि मंजूर होत राहिले. खर्च वाढला की नवे रोखे विकायचे, म्हणजे लोकांकडून आणखी कर्ज घ्यायचं. बाजारात ते खपतही होते. संचालकांच्या हातात येणारी माहिती यायची ती व्यवस्थापनाकडूनच. पाच अणुभट्ट्या एकाच वेळी बांधण्याचा अनुभव त्यांच्यापैकी कुणालाच नव्हता. मुळात तो त्या वेळी फार थोड्यांना असेल. पण अनुभव नसला, तरी स्वतंत्र अभियंता नेमता येतो. त्याने व्यवस्थापनाला नाही, थेट मंडळाला अहवाल द्यायचा, एवढी एक अट घालता येते. यंदा किती लागतील, हे तर दरवर्षी विचारलं जात होतं. शेवटचा बोल्ट बसेपर्यंत एकूण किती लागतील, याचं खरं उत्तर टेबलावर यायला मात्र १९८१ उजाडलं.

ते आणलं रॉबर्ट फर्ग्युसन या नव्या व्यवस्थापकीय संचालकाने. आदल्याच वर्षी त्यांनी सूत्रं हाती घेतली होती. त्यांनी एकेका कामाचा हिशेब पायापासून पुन्हा मांडायला लावला. सुरुवातीला पाचही केंद्रांचा खर्च सुमारे ४ अब्ज डॉलर धरला होता. नवा आकडा जवळपास २४ अब्ज. मे १९८१मध्ये त्यांनी चौथ्या-पाचव्या केंद्राचं काम थांबवायची शिफारस केली. जानेवारी १९८२मध्ये ती दोन्ही केंद्रं कायमची रद्द झाली.

आता हप्त्यांचं काय? जून १९८३मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की असा करार करण्याचा अधिकार या स्थानिक संस्थांना मुळातच नव्हता. म्हणजे सह्याच पोकळ. पुढच्याच महिन्यात २.२५ अब्ज डॉलरचे रोखे बुडाले. अमेरिकेतल्या स्थानिक सार्वजनिक संस्थांच्या कर्जात तोवर एवढी मोठी बुडवणूक झाली नव्हती. रोखे घेणाऱ्यांत निवृत्तीनंतरची पुंजी गुंतवलेली साधी माणसं होती. सार्वजनिक संस्था म्हणजे पैसा सुरक्षित, या भरवशावर त्यांनी ती गुंतवली होती.

दरम्यान, रोखे बुडण्याआधीच कायदाही बदलला होता. मोठे निर्णय घेण्यासाठी वेगळं कार्यकारी मंडळ आलं आणि त्यात बाहेरचे जाणकार व राज्यपालांनी नेमलेले सदस्यही आले. जे बांधकामाआधी हवं होतं, ते मनोरे उभे राहिल्यावर आलं.

पाचांपैकी पुरं झालं एकच, दुसरं केंद्र. १९८४पासून ते वीज देतंय. संस्थेने १९९८मध्ये नावही बदललं, ‘एनर्जी नॉर्थवेस्ट’. पहिलं आणि तिसरं केंद्र अर्धवटच राहिलं. त्यांच्या कर्जाला मात्र बॉनव्हिलचा आधार होता, त्यामुळे ते बुडालं नाही. त्याची परतफेड वीजदरातून पुढे अनेक वर्षं होत राहिली. १९७६मध्ये ज्यांचा जन्मही झाला नव्हता, त्यांच्या बिलातूनसुद्धा.