चकली, पावतीपुस्तक आणि सोळा कोटी
(पॅरिस परिसरातील मराठी मंडळींच्या दिवाळी मेळाव्यातील भाषण, थोडे संपादित करून)

नमस्कार मंडळी. फराळाची ताटं समोर असताना माइक हातात घेणं म्हणजे शिव्या ओढवून घेणं, तेव्हा लवकर आटपते.

माझ्या नाशिकच्या मावसबहिणीचं बाळ. तीन महिने उलटले तरी मान धरेना. आजी म्हणाली, "मुलगेच ते, जरा आळशी असतात." पाय बेडकासारखे बाजूला पडलेले, रडणं मांजराच्या पिल्लासारखं बारीक, डोळे मात्र सगळीकडे टकाटका. निदान झालं: स्पायनल मस्क्युलर अ‍ॅट्रॉफी, म्हणजे एसएमए. एका जनुकातल्या दोषामुळे स्नायूंना हलवणाऱ्या मज्जारज्जूतल्या पेशी मरत जातात. ते 2009 साल होतं, औषध नव्हतंच. पहिला वाढदिवस झाला, दुसरा आला नाही.

आज औषध आहे. बिघडलेल्या जनुकाचं काम करणारं चांगलं जनुक शरीरात पोचवणारं; शिरेतून, एकदाच द्यायचं. 2019 मध्ये अमेरिकेत मंजुरी मिळाली तेव्हा किंमत होती 21 लाख 25 हजार डॉलर. तेच ते 'सोळा कोटींचं इंजेक्शन', ज्याचे फॉरवर्ड आपल्या सगळ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅपवर येऊन गेलेत. भारतात दुर्मिळ आजारांसाठी 2021 पासून राष्ट्रीय धोरण आहे, त्यातली मदत 50 लाखांपर्यंत. उरलेले साडेपंधरा कोटी अनोळखी लोकांच्या दयेवर. आपण पाठवतो, पाठवायलाच हवेत. पण एकाचे जमेपर्यंत दुसऱ्या बाळाचा फोटो आलेला असतो.

इथल्या आईबापांनी वेगळी वाट धरली. 1987 च्या डिसेंबरात, स्नायूंचे आजार असलेल्या मुलांच्या पालकांच्या संघटनेने टीव्हीवर तीस तासांचा कार्यक्रम करून लोकांकडे पैसे मागितले: तेलेतों. मुख्य मागणी संशोधनासाठी. त्या पैशातून 1990 मध्ये आपल्या शेजारी एव्रीला जेनेतों ही प्रयोगशाळा उभी राहिली. मानवी जनुकसंचाचे सुरुवातीचे नकाशे तिथे तयार झाले, आणि ते जगभरच्या शास्त्रज्ञांना खुले करून दिले. एसएमएचं जनुक 1995 मध्ये सापडलं तेही पॅरिसमध्येच, ज्युडिथ मेल्की यांच्या चमूला. त्या सोळा कोटींच्या इंजेक्शनमागच्या तंत्रातही जेनेतोंच्या कामाचा वाटा आहे.

मागे एका काकांनी मला अडवलं होतं: "वर्गणी लोकांची, मग कंपनीने एवढे का घ्यावेत?" रास्त आहे. मलाही ते खुपतं. शोध कंपनीच्या हाती देतानाच किमतीची अट घालायला हवी असं माझं मत आहे. पण काका, गणपतीचा हिशेब विचारायला आपण पावती फाडलेली असावी लागते ना?

तेलेतों आता टीव्हीबरोबर गावोगावीही भरतो. गेल्या डिसेंबरात आम्ही तिघीजणींनी आमच्या गावच्या तेलेतोंमध्ये टेबल मांडलं. हात गोठत होते. शेजारी अग्निशमन दलाचे जवान चेस्टनट भाजत होते, मैदानात शाळकरी पोरं आळीपाळीने फेऱ्या मारत होती. आमच्या चकल्या, दोन युरोला तीन. एका फ्रेंच आजींनी चकली उलटसुलट करून पाहिली आणि विचारलं, "ही ख्रिसमसच्या झाडाला टांगायची का?" खाऊन दाखवली तेव्हा दहा घेऊन गेल्या. संध्याकाळपर्यंत 184 युरो झाले. देशभरात बहुतेक वर्षी सात कोटी युरोंच्या वर जमतात, ते अशाच टेबलांवरून आणि फोनवरून. थेट देणगी दिलीत तर 66 टक्के रक्कम आयकरातून वजा होते, हे खास सीए मंडळींसाठी.

यंदा दोन टेबलं मांडायची म्हणते. भाजणी मी देते, नगरपालिकेची परवानगी आली आहे. तळायला चार जण हवेत, आणि एक सोऱ्या, कारण आमच्याचा दांडा गेल्या वर्षी तुटला. दाराजवळ कागद ठेवलाय. जेवणाआधी नाव लिहा, नंतर हात तुपाचे असतात.