सिग्नलजवळ येताना इंजिन का गुदमरते?

नमस्कार. गाडी ६०च्या वेगाने सुरळीत धावते, चढावर कुरकुर करत नाही आणि सकाळी पहिल्या चावीला सुरू होते; पण पुढे सिग्नल दिसला, ॲक्सिलरेटरवरून पाय काढून क्लच दाबला आणि गाडी थांबायला आली, की आरपीएमचा काटा ८००वर न थबकता थेट ४००पर्यंत घसरतो, स्टिअरिंग थरथरते, दिवे क्षणभर मंदावतात आणि इंजिन कसेबसे सावरते किंवा बंद पडते. आज मी या एकाच दोषाविषयी बोलणार आहे, आणि तेही इंजेक्शन असलेल्या पेट्रोल व सीएनजी गाड्यांपुरतेच.

या दोन-तीन सेकंदांत इंजिनमध्ये काय घडते, ते आधी पाहू. गाडी गिअरमध्ये असताना आपण ॲक्सिलरेटर सोडला की ईसीयू (इंजिन सांभाळणारा संगणक) इंजेक्टर (पेट्रोल फवारणारे भाग) बंद करतो; तेवढा वेळ पेट्रोल जळत नाही आणि चाकेच इंजिनला फिरवत राहतात. (म्हणूनच घाट उतरताना गाडी न्यूट्रलमध्ये टाकून पेट्रोल वाचवण्याचा खटाटोप निरर्थक आणि धोकादायकही आहे; न्यूट्रलमध्ये इंजिनला चालू राहण्यासाठी पेट्रोल लागतेच.) आरपीएम उतरत १५०० ते १२००च्या आसपास आला, किंवा क्लच दाबला गेला, की इंजेक्टर पुन्हा सुरू होतात. गाडीनुसार हे आकडे थोडे बदलतात. क्लच दाबताच चाकांचा आधार सुटतो आणि वेगाने खाली येणारा आरपीएम ७५० ते ८५०च्या दरम्यान झेलायचे काम ईसीयूवर येते.

मी ‘झेलायचे’ हा शब्द मुद्दाम वापरतो. उभ्या गाडीत स्लो (पाय काढल्यावरचा इंजिनचा किमान वेग) स्थिर ठेवणे तुलनेने सोपे असते, कारण हवा थोडी कमी पडली तर आयडल व्हॉल्व्ह (स्लोसाठी हवा सोडणारी झडप) हळूहळू उघडून ती भरून काढतो आणि त्यासाठी त्याच्याकडे भरपूर वेळ असतो. पडता आरपीएम झेलताना मात्र हवा आधीच तयार असावी लागते. ती अर्ध्या सेकंदाने उशिरा आली, तरी झेल सुटतो. गॅरेजमध्ये उभी असलेली गाडी निर्दोष वाटते आणि मेकॅनिक ‘काही नाही, सगळे ठीक आहे’ असे प्रामाणिकपणे सांगतो, त्याचे कारण हेच आहे. त्याला शेजारी बसवून चार सिग्नल फिरवून आणल्याखेरीज हा दोष दिसत नाही.

आता माझ्या हातातली ही जुनी थ्रॉटल बॉडी, म्हणजे इंजिनकडे जाणारी हवा चकतीने कमी-जास्त करणारा भाग, पाहा. पाय काढल्यावर ही चकती जवळजवळ पूर्ण मिटते आणि इंजिनला हवा मिळते ती चकतीच्या कडेच्या केसाएवढ्या फटीतून आणि आयडल व्हॉल्व्हच्या वळणवाटेने. इंजिनच्या पोटातून पीसीव्हीच्या (इंजिनमधली वाफ पुन्हा हवेच्या वाटेत सोडणाऱ्या झडपेच्या) पाइपवाटे येणारी तेलाची वाफ याच कडेवर बसते, धुळीशी आणि काजळीशी मिसळते आणि काही वर्षांत असे काळे कडे तयार होते. फट बुजली की झेलायला हवाच उरत नाही. वाहतुकीच्या कोंडीत तासन्‌तास स्लोवर उभ्या राहणाऱ्या शहरी गाड्यांत हे कडे लवकर जमते, असा माझा अनुभव आहे.

माझ्या स्वतःच्या गाडीबाबत मला हे उशिरा उमगले. मी प्लग बदलले, फ्युएल फिल्टर बदलला, आणि दोष तसाच राहिल्यावर एका गॅरेजमध्ये थ्रॉटलचा थांब-स्क्रू फिरवून स्लो वाढवून घेतला. आठवडाभर बरे वाटले, नंतर मात्र गाडी १२००वर गुरगुरू लागली. हा स्क्रू कारखान्यात बसवलेला असतो आणि तो स्लो ठरवण्यासाठी नसतोच. तो फिरवला की थ्रॉटल पोझिशन सेन्सरचे (चकती किती उघडी आहे ते सांगणाऱ्या सेन्सरचे) मूळ माप सरकते, पाय उचलला आहे की नाही हेच ईसीयूला नीट कळेनासे होते आणि एका दोषाचे दोन होतात. कार्ब्युरेटरच्या काळातली ही सवय आता सोडून द्यायला हवी.

साफसफाईला हात घालण्यापूर्वी काही खुणा तपासा. स्लोवर एसी लावल्यावर आरपीएम स्थिर राहायला किंवा किंचित वाढायला हवा; तो कोसळत असेल, तर संशय थ्रॉटल किंवा आयडल व्हॉल्व्हवर जातो. दोष फक्त सीएनजीवर येत असेल आणि पेट्रोलवर येत नसेल, तर थ्रॉटलला दोष न देता किटचा फिल्टर, रिड्यूसर (गॅसचा दाब कमी करणारा भाग) आणि गॅस इंजेक्टर पाहावेत. टाकी भरल्यानंतरच गाडी अडखळत असेल, तर पर्ज व्हॉल्व्ह (टाकीतली पेट्रोलची वाफ इंजिनकडे सोडणारी झडप) उघडा अडकला असण्याची शक्यता मोठी असते. आणि उभ्या गाडीत नुसता ब्रेक दाबून धरल्यावर ‘सुस्स’ असा आवाज येऊन इंजिन डगमगत असेल, तर ब्रेक बूस्टरचा (इंजिनच्या व्हॅक्यूमवर चालून ब्रेकचे पेडल हलके करणाऱ्या भागाचा) पडदा फाटलेला असू शकतो. हा इंजिनपेक्षा ब्रेकचा प्रश्न असल्यामुळे तो त्याच दिवशी सोडवावा.

साफ करताना इंजिन थंड आणि चावी बाहेर असावी. एअर फिल्टरकडून येणारा जाड पाइप काढा, थ्रॉटल बॉडी क्लीनर फडक्यावर घ्या आणि चकतीची कड व तिच्यामागची भिंत पुसा. केबलवर चालणाऱ्या जुन्या थ्रॉटलमध्ये चकती हाताने उघडता येते. इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलमध्ये बोटाने जोर लावल्यास आतले गिअर दुखावू शकतात, आणि त्या वेळी कोणी चावी फिरवली तर बोटही सापडू शकते. काही चकत्यांच्या कडेला कारखान्यातच लेप दिलेला असतो, म्हणून सॅंडपेपर किंवा तारेचा ब्रश वापरू नये. मॅफ सेन्सरवर (आत येणारी हवा मोजणाऱ्या सेन्सरवर) हा फवारा उडू देऊ नका. त्यासाठी वेगळा क्लीनर मिळतो.

कडे निघाल्यावरही दोष राहिला, तर व्हॅक्यूम पाइपांकडे वळावे. उन्हाने आणि इंजिनच्या उष्णतेने तडकलेल्या रबरी पाइपातून इंजिन मोजणीबाहेरची हवा ओढते. गाडीला मॅफ सेन्सर असेल, तर साध्या ओबीडी स्कॅनरवर (ईसीयूतली माहिती दाखवणाऱ्या यंत्रावर) हे दिसते: स्लोवर फ्युएल ट्रिम (ईसीयूने पेट्रोलमध्ये केलेली वाढ किंवा घट) २० टक्क्यांच्या वर आणि २५०० आरपीएमला तो शून्याजवळ, असे चित्र असेल तर हवा गळते आहे असे समजावे. दोन्हीकडे ट्रिम चढाच असेल, तर पेट्रोलचा दाब तपासावा. मॅप सेन्सर (हवेऐवजी तिचा दाब मोजणारा) असलेल्या गाडीत मात्र ही खूण इतकी स्पष्ट नसते आणि गळतीमुळे बहुधा स्लो वाढलेलाच आढळतो.

ऑटोमॅटिक गाडीविषयी थोडक्यात सांगतो: टॉर्क कन्व्हर्टरचा (इंजिन आणि गिअरबॉक्स तेलाने जोडणाऱ्या भागाचा) लॉक-अप क्लच, म्हणजे दोन्हींना थेट जखडणारा क्लच, वेळेवर सुटला नाही, तर क्लच न दाबता थांबवलेल्या साध्या गाडीसारखीच ती गचका देऊन बंद पडते. तिथे थ्रॉटल कितीही चकचकीत केला तरी उपयोग होत नाही.

दुरुस्ती होईपर्यंत एक खबरदारी घ्या. चालत्या गाडीत इंजिन बंद पडले, तर बूस्टरमधल्या उरलेल्या व्हॅक्यूमवर ब्रेकचे पेडल एक-दोनदाच हलके दाबले जाते आणि पॉवर स्टिअरिंग जड होते. म्हणून पेडल वारंवार न दाबता एकदाच दाबून धरावे.

साफ केल्यानंतर बऱ्याच गाड्यांत स्लो काही काळ वाढलेला राहतो, कारण ईसीयूने बुजलेल्या फटीचा हिशेब शिकून ठेवलेला असतो. नव्याने शिकवण्याची रीत प्रत्येक मॉडेलची वेगळी असते आणि काहींना त्यासाठी स्कॅनर लागतो; इतरांत इंजिन पूर्ण तापेपर्यंत आधी एसी बंद ठेवून आणि मग लावून स्लोवर चालू ठेवले, तर बहुतेकदा भागते. दोन-तीन दिवसांनीही काटा हजाराखाली उतरला नाही, तर आपणच काढलेले पाइप आणि त्यांचे क्लॅम्प नीट बसले आहेत का, ते आधी पाहावे. माझ्या गाडीत पीसीव्हीचा बारीक पाइप परत लावायचाच राहिला होता.