सत्तावीस इंची स्क्रीनवर हरवलेला कर्सर

(दृश्य : नाशिकची अंबड एमआयडीसी, साचे बनवणाऱ्या एका टूलरूममधली ड्रॉइंगची खोली. मोठ्या मॉनिटरवर डायचं, म्हणजे साच्याचं, ड्रॉइंग उघडलेलं. माउसवरचा हात गरागरा फिरतोय.)

अंबड-सातपूरच्या ड्रॉइंग टेबलांवर आता सत्तावीस इंची फोर-के मॉनिटर दिसतात. रेषा धारदार, अख्खी डाय एका नजरेत. फक्त कर्सर सापडत नाही.

विंडोजचा नेहमीचा पांढरा बाण, म्हणजेच कर्सर, साधारण 12 पिक्सेल (स्क्रीनवरचे ठिपके) रुंद आणि 19 पिक्सेल उंच. 24 इंची फुल एचडी स्क्रीनवर इंचाला 92 पिक्सेल बसतात, तिथे हा बाण पाच मिलिमीटर उंच दिसतो. 27 इंची फोर-केवर इंचाला 163 बसतात. बाण तीन मिलिमीटरवर येतो, बाजरीच्या दाण्याएवढा. विंडोज अशा स्क्रीनला सहसा 150 टक्के स्केलिंग, म्हणजे सगळं दीडपट मोठं दाखवणं, सुचवतं आणि त्यात बाणही वाढतो. पण ड्राफ्ट्समनला ड्रॉइंगसाठी जागा हवी असते, म्हणून तो स्केलिंग 100 वर आणून ठेवतो. खरी गोम तिथे आहे.

(दृश्य : सेटिंग्जची विंडो, साइझची पट्टी सरकते.)

तेव्हा शोधायचं सॉफ्टवेअर टाकण्याआधी बाणच मोठा करा. सेटिंग्ज, ॲक्सेसिबिलिटी, माउस पॉइंटर अँड टच. पट्टी 1 ते 15 पर्यंत जाते; 3 किंवा 4 पुरे. त्यापुढे गेलात तर ज्या मापावर बाण टेकवायचा, तेच माप त्याच्याखाली झाकलं जातं. रंगात 'इन्व्हर्टेड' हा पर्याय हुशार वाटतो, पण तो खालच्या रंगाचा उलटा रंग दाखवतो. काळ्यावर पांढरा, ठीक. मधल्या राखाडीवर मात्र, काळा 0 आणि पांढरा 255 धरला तर, 128 चा उलटा 127. डोळ्याला फरक शून्य. राखाडी बॅकग्राउंडवर काम करणाऱ्याने कस्टममधून भडक हिरवा किंवा गुलाबी घ्यावा, दिसायला कसाही दिसो.

ऑटोकॅड या ड्रॉइंगच्या सॉफ्टवेअरमध्ये क्रॉसहेअर, म्हणजे बाणाऐवजी दिसणारी आडव्या-उभ्या रेषांची फुली, वेगळं. कमांड लाइनवर 'कर्सरसाइझ' (CURSORSIZE) टाइप करा. मूळ किंमत 5 असते. 100 केलीत की दोन्ही रेषा ड्रॉइंगच्या कडेपर्यंत जातात आणि हरवायचा प्रश्नच राहत नाही. मात्र हे ड्रॉइंगच्या भागापुरतं. वरच्या बटणांच्या पट्टीवर, रिबनवर, गेलात की पुन्हा तोच बाण.

आता शोधण्याची सोय. विंडोजमध्ये एक आधीपासूनच आहे, फक्त बंद असते. सेटिंग्ज, ब्लूटूथ अँड डिव्हायसेस, माउस, ॲडिशनल माउस सेटिंग्ज, मग पॉइंटर ऑप्शन्सचा टॅब. सगळ्यात खालच्या चौकोनात टिक करा. नंतर कीबोर्डवरचं नुसतं कंट्रोल दाबून सोडलं की बाणाभोवती वर्तुळं आकसत येतात. मोठ्या स्क्रीनवर ही वर्तुळं फिकट पडतात. त्याच क्षणी नजर दुसऱ्या टोकाला असली तर निसटतात. त्याच टॅबवर 'हाइड पॉइंटर व्हाइल टायपिंग' आहे. टाइप करताना बाण गायब होत असेल तर ही टिक काढा.

(दृश्य : स्क्रीन एकदम काळवंडते, एकच गोल उजळ राहतो.)

मोठ्या स्क्रीनला खरा उपाय म्हणजे मायक्रोसॉफ्टचं पॉवरटॉइज. फुकट आहे, मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधून मिळतं. त्यातलं 'फाइंड माय माउस' चालू करा आणि डावं कंट्रोल पटकन दोनदा दाबा. इथे बाणावर खूण होत नाही, बाकीची स्क्रीन अंधारते. त्यामुळे नजर कुठेही असली तरी उजेडाकडे जाते. एस्केप दाबलं की पूर्ववत. डावं कंट्रोल दुसऱ्या कामात अडकत असेल तर उजवं कंट्रोल निवडा, किंवा माउस हलवून शोधण्याचा पर्याय घ्या.

एक तक्रार मात्र हमखास येते : "बाकी सगळीकडे चालतं, एकाच प्रोग्रॅममध्ये चालत नाही." तो प्रोग्रॅम 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर' करून, म्हणजे जास्तीच्या परवानगीने, उघडलेला असतो. साध्या परवानगीने चालणाऱ्या पॉवरटॉइजपर्यंत तिथली बटणं पोचत नाहीत. पॉवरटॉइजच्या जनरल पानावर त्यालाही ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवा.

मॅकवाल्यांना एवढी उठाठेव नाही. 2015 च्या एल कॅपिटनपासून माउस झटझट हलवला की बाण फुगतो. उबुंटू या लिनक्समध्ये ॲक्सेसिबिलिटीत 'लोकेट पॉइंटर' आहे, तेही कंट्रोलवरच. बाणाकडे टक लावून बघणारे 'एक्सआइज' या छोट्या प्रोग्रॅमचे जुने डोळे मजेदार आहेत, पण लिनक्सच्या वेलँड या नव्या डिस्प्ले-व्यवस्थेवर ते नीट चालत नाहीत.

(दृश्य : शेजारी दोन मॉनिटर, भिंतीवर बंद टीव्ही.)

दोन स्क्रीन असल्या की बाण कधीकधी कडेला अडकतो. एक 1080 पिक्सेल उंच, दुसरी 2160. डिस्प्ले सेटिंग्जमध्ये दोन्ही चौकोन टेबलावर आहेत तसेच ओढून लावा, नाहीतर पलीकडे जायची वाट अर्ध्याच कडेला उरते. मीटिंगच्या खोलीत तर टीव्ही बंद असूनही केबल जोडलेली असते. विंडोजसाठी ती स्क्रीन चालूच असू शकते आणि बाण तिथे जाऊन बसतो. विंडोज की आणि पी दाबा, 'पीसी स्क्रीन ओन्ली' निवडा. टीव्ही जोडलेलाच ठेवायचा असेल आणि एखादी विंडो तिकडे अडकली असेल, तर आल्ट-टॅबने तिच्यावर या आणि विंडोज, शिफ्ट व डावा ॲरो एकत्र दाबा. विंडो दुसऱ्या स्क्रीनवर येते.