पाऊस ओढ देतो तेव्हा

(दृश्य: जुलै. लातूर-औसा रस्त्याकडेचं शिवार. नुसती काळी माती.)

मृगात बरा पडला म्हणून पेरण्या उरकल्या आणि मग पावसानं ओढ दिली. या बाई वाकून तासातली माती बोटानं उकरतात. सोयाबीनचा दाणा फुगलाय, मोड आलाय आणि तिथंच करपलाय. चार बोटं पुढं दुसरा दाणा. तोही तसाच. बाई काही बोलत नाहीत. माइकवर फक्त त्यांचा श्वास ऐकू येतो, वरवरचा, तुटक.

नेमकी याच श्वासाची नोंद पतंजलींनी करून ठेवलीय. योगसूत्रांच्या पहिल्या पादातलं 31वं सूत्र सांगतं, की चित्त विस्कटलं की चार गोष्टी सोबत येतात: दुःख, खचलेपण, अंगाची थरथर आणि बिघडलेला श्वास. मनातली पडझड त्यांनी अंगावर ओळखली, हे मला फार मोलाचं वाटतं. 'शांत हो' म्हटलं तर मन ऐकत नाही, श्वास मात्र ऐकतो. म्हणून 34व्या सूत्रात उपाय येतो: श्वास सावकाश बाहेर सोडा, क्षणभर थोपवा. उच्छ्वास लांबला की हृदयाचे ठोके मंदावतात, हे आज डॉक्टरही सांगतात. रक्तदाबाचा किंवा हृदयाचा त्रास असेल त्यांनी मात्र श्वास रोखू नये, नुसता हळू सोडावा. बांधावर बसूनही हे जमतं. आसन, चटई काही लागत नाही.

(दृश्य: कोरडी विहीर, मग घराच्या ओट्यावर ओलं गोणपाट.)

मराठवाड्यानं 1972 चा दुष्काळ पाहिला, 1993 ला किल्लारीचा भूकंप पाहिला, 2016 मध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला आलेलं पाणीही पाहिलं. इथल्या माणसाला सोसायला शिकवायची गरज नाही. योग म्हणजे निमूट सोसणं, असं कुणी सांगत असेल तर ते अर्धवट आहे. दुसऱ्या पादात पतंजली स्वच्छ म्हणतात, 'हेयं दुःखम् अनागतम्'. जे दुःख अजून यायचंय, ते टाळण्याजोगं आहे.

हे सूत्र आम्हाला या गोणपाटावर दिसलं. शंभर दाणे ओळीनं मांडायचे, गोणपाट गुंडाळून सावलीत ठेवायचं, ओल टिकवायची आणि आठवडाभरानं मोड मोजायचे. सत्तर किंवा जास्त उगवले तर बियाणं पेरायच्या लायकीचं. आणि 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय चाड्यावर मूठ धरायची नाही. कृषी खातं दरवर्षी हेच सांगतं. पण शेजारच्यानं पेरलं की जीव राहत नाही, घाई होते. त्या घाईच्या घडीला थांबता येणं, हाही योगाभ्यासच.

(दृश्य: देवगिरीचा किल्ला.)

पैठणचे एकनाथ या किल्ल्यावर जनार्दनस्वामींपाशी शिकले. आख्यायिका अशी, की एका पैचा हिशेब लागेना म्हणून नाथ रात्रभर दिव्यापाशी बसले. चूक सापडली तसे आनंदले. स्वामी म्हणाले, हीच एकाग्रता परमार्थाकडे लाव. सगळे ही गोष्ट भक्तीसाठी सांगतात. मला तिच्यातली वहीही तितकीच महत्त्वाची वाटते. कर्जाची भीती वाटते तेव्हा माणूस वही उघडायचं टाळतो आणि आकडा मनात फुगत जातो. श्वास जरा थाऱ्यावर आला की कागद घ्यावा. उधारी किती, बियाण्याची पावती आणि पिशवीचा टॅग कुठं ठेवलाय, पीकविम्याची मुदत कधी, दुबार सोयाबीन पेरायचं की तूर. एकेक ओळ लिहावी, घरच्यांदेखत.

हा अभ्यास संकटात सुरू करून भागत नाही. दीर्घकाळ, खंड न पाडता, आस्थेनं केला तरच तो पक्का होतो, असं पतंजलींनीच म्हटलंय. म्हणजे रानात ज्वारी डोलत असते, घरात चार पैसे असतात, तेव्हाही पहाटेची दहा मिनिटं सोडायची नाहीत.

योगानं पाऊस पडत नाही, कर्ज फिटत नाही. त्यासाठी पाणी, भाव आणि वेळेवर मिळणारी भरपाई मागावीच लागेल, तीही ताठ मानेनं. आणि झोप उडाली असेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर प्राणायामावर विसंबून राहू नका. घरात बोला, डॉक्टरांकडे जा. टेली मानस या सरकारी सेवेचा क्रमांक आहे 14416. फोन मोफत आहे, दिवसरात्र लागतो, मराठीत बोलता येतं.