रांग लांबली म्हणजे गाळप वाढलं?

[दृश्य : डिसेंबरची पहाट, चिकोडी तालुका. साखर कारखान्याचं गेट, उसाच्या ट्रॉल्यांची रांग.]

इथला कुठलाही ऊसवाला सांगेल, गेटवर रांग लांबली म्हणजे गाळप जोरात असं नव्हे. शिवारात तोड वाढली असेल, नाहीतर आत गव्हाण, म्हणजे ऊस मिलमध्ये ओढून नेणारा पट्टा, बंद पडली असेल. बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं. ड्रायव्हर ट्रॉलीखाली गोधडी ओढून झोपलेला.

पेशीत डोकावणाऱ्यांचाही नेमका इथंच घोळ होतो.

[दृश्य : सूक्ष्मदर्शकाखाली पेशी.]

पेशी आपलाच मोडका माल दुहेरी पडद्याच्या पिशवीत बांधते आणि लायसोसोमकडे, म्हणजे पेशीतल्या पचनाच्या कोठीकडे, धाडते. हीच ऑटोफॅजी. लायसोसोमच्या आत आम्ल, पीएच ४.५ ते ५ च्या आसपास. हे आम्ल आहे तोवरच तिथली विकरं माल नीट पचवतात.

जपानच्या योशिनोरी ओसुमींनी तर मिल मुद्दामच बंद ठेवली. पचवणारी विकरं नसलेलं यीस्ट घेतलं, त्याला उपाशी ठेवलं. पिशव्या आत साचत गेल्या आणि डोळ्यांना दिसल्या! २०१६ चं नोबेल त्यांना ऑटोफॅजीवरच्या कामासाठीच मिळालं.

आज हे अडवायचं काम रसायनं करतात. ३-मिथिलअ‍ॅडेनिन तोडच थांबवतं, पिशवीच बांधली जात नाही. बॅफिलोमायसिन लायसोसोममध्ये प्रोटॉन ओढणारा पंप बंद पाडतं, आम्ल उतरतं. आणि क्लोरोक्विन, आपल्या ओळखीची हिवतापाची कडू गोळी! ती लायसोसोममध्ये शिरते, तिथं प्रोटॉन चिकटला की तिला बाहेर पडता येत नाही. मागोमाग पाणी शिरतं, लायसोसोम फुगतो. पिशवी आणि लायसोसोम एकमेकांत मिसळायचेही अडतात.

पिशव्या मोजायच्या त्या एलसी३ नावाच्या प्रथिनावरून. ते पिशवीच्या पडद्याला चिकटून असतं. नवं औषध दिलं, एलसी३ वाढलं. मग तोड वाढली, की गव्हाण अडली?

[दृश्य : प्रयोगशाळा. फिल्मवर शेजारी शेजारी दोन काळ्या पट्ट्या.]

पट्टी जितकी गडद, तितकं एलसी३ जास्त. डावीकडे नुसतं औषध. उजवीकडे औषध आणि वर बॅफिलोमायसिन, म्हणजे गेट आपणच लावून घेतलं. उजवी पट्टी आणखी ठळक झाली, तर तोवर मिल चालू होती. दोन्ही सारख्याच गडद निघाल्या, तर बेळगावी कुंदा वाटायची घाई नको. गव्हाण बहुधा औषधानंच अडवली होती.