थंड पाण्यात मुरवलेला चहा

नमस्कार श्रोतेहो.

नाशिकचा पारा चाळिशीला टेकला की दुपारच्या चहाची पंचाईत होते. गॅसपाशी उभं राहवत नाही आणि चार वाजले की चहावाचून करमतही नाही. आज बोलायचं आहे ते या चार वाजताच्या चहाबद्दल, पण गॅस न पेटवता केलेल्या. थंड पाणी, त्यात पत्ती, बाटली फ्रीजमध्ये आणि काही तास थांबायचं. लोणचं मुरतं तसा हा चहा मुरतो, म्हणून मी त्याला मुरवलेला चहा म्हणते.

एक गोष्ट आधीच कानात ठेवा. गार झालेला चहा वेगळा आणि गार पाण्यात मुरवलेला चहा वेगळा. हा फरक समजायला एक किस्सा आहे, तो आधी सांगते.

साल १९०४. अमेरिकेतलं सेंट लुईस शहर. मिसिसिपी नदीच्या काठावरच्या या शहरात मोठं जागतिक प्रदर्शन भरलं होतं. ३० एप्रिलला उघडलं, ते १ डिसेंबरपर्यंत चाललं, म्हणजे अख्खा उन्हाळा त्यात आला. आणि तिथला उन्हाळा दमट, घामानं कपडे अंगाला चिकटवणारा. या प्रदर्शनात हिंदुस्थानी चहाचा प्रचार करायला रिचर्ड ब्लेचिंडन नावाचे एक इंग्रज गृहस्थ आले होते. त्या काळी अमेरिकेत चीन-जपानचा हिरवा चहा बराच खपायचा. इकडच्या मळेवाल्यांना आपला काळा चहा तिथे रुजवायचा होता.

आता डोळ्यांसमोर आणा. बाहेर रणरणतं ऊन आणि हे गृहस्थ लोकांना वाफाळता चहा देताहेत. कोण घेणार? लोक बघायचे आणि थंड काही मिळेल तिकडे वळायचे. मग म्हणे त्यांनी बर्फात ठेवलेल्या शिशाच्या नळ्यांमधून तोच चहा सोडला, पलीकडून गारेगार चहा निघाला, आणि जिथे कुणी फिरकत नव्हतं तिथे झुंबड उडाली. आइस्ड टीचा जन्म असा झाला, असं आजही ठिकठिकाणी सांगितलं जातं. शिशाच्या नळ्या ऐकून मात्र काळजात धस्स होतं. शिसं विषारी असतं, आणि चहा काही प्रमाणात आम्लधर्मी.

किस्सा गोड आहे. पण थंड चहाचा जन्म तिथे झाला, हे काही खरं नाही. सेंट लुईस ज्या मिसुरी राज्यात आहे, तिथेच नेवाडा नावाचं गाव आहे. तिथे १८९० साली, म्हणजे प्रदर्शनाच्या चौदा वर्षं आधी, जुन्या सैनिकांचा मेळावा झाला. स्थानिक वर्तमानपत्रानं जेवणावळीचा हिशेबच छापला: इतकं मांस, इतके पाव, गाडीभर बटाटे, आणि ८८० गॅलन बर्फाचा चहा. म्हणजे आपल्या मापात तीन हजार तीनशे लिटरच्या वर! एवढा चहा एका मेळाव्यात वाढला, म्हणजे तो लोकांच्या चांगलाच ओळखीचा होता.

इथे थोडं विषयांतर करते, पण मनापासून. त्या लोकांनी मेळाव्याला चहा दिला. आपल्याकडे मे महिन्यात लॉन्सवर लग्नं लागतात आणि पाहुण्यांच्या हातात काय येतं? हिरव्यागार नाही तर लालभडक रंगाचं साखरेचं पाणी. अहो, कैरीचा हंगाम, घरोघरी पन्हं होतंय, आणि मांडवात रंग! यजमानांनी केटररला स्पष्ट सांगावं की पन्हं द्या, ताक द्या, मुरवलेला चहा द्या.

बरं, पुन्हा चहाकडे. त्याच्याही मागे जाऊ. १८७९ साली अमेरिकेत एका बाईंनी जमवलेल्या व्हर्जिनियातल्या पाककृतींचं पुस्तक निघालं. त्यात बर्फाच्या चहाची कृती आहे. सुमारे लिटरभर उकळतं पाणी, दोन चमचे हिरवा चहा. संध्याकाळी हवा असेल तर सकाळी न्याहारीलाच करून ठेवा. दुपारी गाळून घ्या, पण न ढवळता. मग तसाच राहू द्या, आणि ओतताना तळचा गाळ भांड्यातच सोडा. पेल्यात बर्फ, दोन चमचे साखर, वर चहा. आणि शेवटी लिंबू पिळलं तर आणखी छान.

न ढवळता गाळा, तळचा गाळ मागे सोडा. त्या बाईंना चहा स्वच्छ हवा होता आणि उकळत्या पाण्याचा चहा गार करताना नेमकं हेच अवघड जातं. कडक चहा गार झाला की त्यातलं कॅफीन आणि तुरट द्रव्यं एकमेकांना धरतात आणि चहा मळकट, दुधाळ दिसू लागतो. बिघडलेला नसतो, पण गढुळतो. थंड पाण्यात मुरवलं तर ही द्रव्यं कमी उतरतात. गोडसर चव देणारी द्रव्यं थंड पाण्यातही उतरतात, कडू-तुरट मागे राहतात. म्हणून मुरवलेला चहा काचेसारखा नितळ आणि साखरेविनाही गोडसर लागतो. कॅफीन कमी असतं, पण असतं. झोपेची तक्रार असेल त्यांनी रात्री घेऊ नये.

आता माप. लिहून घ्या. एक लिटर पाणी, दहा ग्रॅम चहा. परत सांगते, लिटरला दहा ग्रॅम. चहा पानांचा घ्या, निलगिरीचा किंवा दार्जिलिंगचा. निलगिरीचा चहा गार झाल्यावरही फारसा गढूळ होत नाही, म्हणून माझी पहिली पसंती त्याला. मोठी पानं हलकी असतात, दहा ग्रॅमला चार-पाच चमचे लागतात, तेव्हा वजनकाटा असेल तर वापराच. काळा चहा आठ ते दहा तास, हिरवा पाच-सहा तास. रात्री दहाला ठेवलेला काळा चहा सकाळी सात वाजता गाळायला तयार.

घरात रोजची दाणेदार पत्तीच असेल तरी चालेल. पण ती बारीक असते, भराभर उतरते. तीन-चार तासांत गाळा, आणि गाळणीवर धुतलेलं पातळ सुती कापड टाका. रात्रभर ठेवलीत तर चहा तुरट होणार. टी-बॅग असतील तर लिटरला चार-पाच.

कोरडी पानं थंड पाण्यावर तरंगतात, वरची पानं कोरडीच राहतात आणि चहा फिका उतरतो. म्हणून आधी बाटलीत पानं घाला, ती भिजतील एवढंच थोडं पाणी घालून हलवा, दोन मिनिटांनी बाकीचं पाणी ओता. आणि गाळताना पानं दाबू नका. दाबलं की कडूपणा आणि बारीक चुरा, दोन्ही खाली येतात.

आता सर्वांत महत्त्वाचं. हा चहा उकळत नाही, म्हणजे जंतू मारणारी पायरी यात नाहीच. पाणी आधी उकळून गार केलेलं किंवा चांगल्या फिल्टरचं घ्या. बाटली काचेची, गरम पाण्यानं धुतलेली. आणि पहिल्या मिनिटापासून फ्रीजमध्ये. पहिल्या मिनिटापासून! ओट्यावर ठेवून झोपायचं नाही. माठातही मुरवायचा नाही, माठ पाणी गार करतो, पण फ्रीजइतकं नाही. आणि बरणी गच्चीवर उन्हात ठेवून चहा करायची एक पद्धत आहे, ती तर अजिबात नको. उन्हात पाणी नुसतं कोमट-गरम होतं, जंतू मरतील इतकं तापत नाही, वाढतील इतकं नक्की तापतं. गाळलेला चहा दोन दिवसांत संपवा. चहा तार धरायला लागला, बुळबुळीत दिसला, तर सरळ ओतून द्या. दिवसभर वीज गेली असेल तरीही ओतून द्या.

झाकण घट्ट हवं. चहा वास फार पटकन ओढतो आणि आपल्या जिल्ह्यात चिरलेल्या कांद्याची वाटी फ्रीजमध्ये नाही असं घर कुठलं?

साखर घालायची तर पाक करून. थंड चहात दाणेदार साखर तळाशी बसून राहते. एक वाटी साखर, एक वाटी पाणी, विरघळेपर्यंत उकळा, तार येऊ देऊ नका. गार करून बाटलीत भरा, ग्लासाला एक-दोन चमचे पुरतो. आलं हवं असेल तर किसून रस काढा, दहा मिनिटं वाटीत राहू द्या. तळाशी पांढरा थर बसतो, ते आल्यातलं पिठूळ सत्त्व. वरचा स्वच्छ रस तेवढा घ्या, ग्लासाला अर्धा चमचा. पुदिना स्वच्छ धुऊन शेवटच्या तासाभरात घाला, रात्रभर ठेवला तर काळवंडतो. लिंबू अगदी पिताना. लिंबू पडताच चहाचा रंग एकदम उजळतो, घाबरू नका, आम्लानं तसं होतंच. लिंबाच्या फोडी मात्र बाटलीत मुरवू नका, सालीखालचा पांढरा भाग कडू उतरतो.

कैरीच्या पन्ह्याचा गर तयार असेल तर ग्लासात दोन चमचे, चिमूटभर काळं मीठ आणि वर चहा. हे मिश्रण निलगिरीच्या काळ्या चहाशी फार जमतं. जेवणाबरोबर मात्र चहा नको. त्यातली तुरट द्रव्यं भाजी-डाळीतलं लोह नीट अंगी लागू देत नाहीत, तेव्हा जेवणानंतर तासभर थांबा.

राहिला बर्फ. पाण्याचा बर्फ विरघळला की चहा फिका पडतो, म्हणून मुरवलेल्या चहाचेच खडे करा. आणि नाशिककरांकडे याहून चांगला उपाय आहे. एप्रिलमध्ये हंगाम संपत आला की बिनबियांची द्राक्षं आणा. मिठाच्या पाण्यात दहा मिनिटं ठेवा, दोन-तीन पाण्यांतून काढा, कापडावर पूर्ण कोरडी करा, ओली राहिली तर एकमेकांना चिकटून गोळा होतो. ताटात पसरून फ्रीझरमध्ये ठेवा, कडक झाली की डब्यात भरा. ग्लासात सात-आठ द्राक्षं टाकली की चहा गार होतो, पातळ होत नाही, आणि चहा संपल्यावर द्राक्षं खायला उरतात. लहान मुलांच्या ग्लासात मात्र अख्खी टाकू नका, घशात अडकतात. गोठवण्याआधीच उभी चिरून त्यांची वेगळी डबी करून ठेवा.

नमस्कार.