चतुराचं पिल्लू आणि सासूबाईंवरचा आळ

नमस्कार मंडळी. मी शाळेतल्या पोरांना घेऊन ओढ्यांवर जाते, पाण्यातले किडे दाखवते. सामान काय, एक चहाची गाळणी आणि आईस्क्रीमचा रिकामा पांढरा डबा. दगड उचलायचा, पालथा करून बघायचा, बस. पाण्यात कोण राहतंय ते बघा, पाणी कसंय ते कळतं.

मुळशीकडच्या ओढ्यात दगडाला मेफ्लाय नावाच्या किड्याची पिल्लं चिकटलेली असतात, पोटाच्या बाजूंना बारीक कल्ले, त्यांना वाहतं, भरपूर ऑक्सिजनवालं पाणी लागतं. आणि पुण्यात मुठेच्या काळ्या गाळात तीच गाळणी घातली की लाल अळ्या वळवळतात. लाल का, तर त्यांच्यातही आपल्यासारखं हिमोग्लोबिन असतं, म्हणून ऑक्सिजन कमी असला तरी तगतात. (आता नाल्यांना सिमेंटचा तळ करायची जी हौस आलीय ना, तिथे दगडच नाहीत तर दगडाखाली राहणार कोण, असो.)

तर एकदा सहावीतल्या एका पोराच्या गाळणीत चतुराचं पिल्लू आलं. चतुर म्हणजे ते हेलिकॉप्टरसारखे उडतात ते. पिल्लू मात्र पाण्यात वाढतं, मातकट, ध्यान दिसतं अगदी. सगळं परत ओढ्यात सोडायचं असं मी चारदा सांगितलेलं, पण या पठ्ठ्याने ते गुपचूप वॉटरबॅगेत घालून घरी नेलं आणि गप्पी माशांच्या टाकीत सोडलं.

झालं, रोज एक मासा गायब. आईला आधी मांजराचा संशय, मग सासूबाईंचा, कारण त्या टाकीत पोळीचे तुकडे टाकायच्या. मासे त्यानेच मरतात आणि या गुपचूप कुंडीत पुरतात असं हिने ठरवूनच टाकलं, घरात अबोला. पोरगा सगळं बघतोय आणि तोंड बंद.

मग एके दिवशी सकाळी सकाळी मला फोन, "मॅडम, तुमचं काहीतरी आमच्या पडद्यावर बसलंय!"

पिल्लू रात्री टाकीतल्या एअर पंपाच्या नळीवरून वर चढलेलं, कात नळीलाच चिकटलेली आणि अख्खा चतुर पडद्यावर पंख वाळवत बसलेला. मी फोनवरच सांगितलं की अहो त्याचा खालचा ओठ घडी घालून ठेवलेला असतो, भक्ष्य दिसलं की सटकन पुढे येऊन पकडतो, डासांच्या अळ्या खातो, बेडकाची पिल्लं खातो, गप्पी तर काय. तिकडे एकदम शांतता. मग मागून आजींचा आवाज, "खिडकी उघड गं, आठ मासे खाल्लेत त्याने, जाऊ दे बिचाऱ्याला."

गप्पींवरून आठवलं, डासांसाठी टाकीत सोडा हवे तर, पण ओढ्यात, तळ्यात सोडू नका हो, ते दक्षिण अमेरिकेतले, आपल्या इथल्या छोट्या माशांना जड जातात.

पाण्याचा गढूळपणा मोजायची पांढरी थाळीही सांगायची होती, १८६५ साली सेकी नावाच्या इटालियन पाद्र्याने ती जहाजावरून समुद्रात सोडून बघितली होती, दिसेनाशी झाली की दोरी मोजायची, पण स्टुडिओच्या काचेपलीकडून हात दाखवतायत, वेळ संपली. तर पुन्हा एकदा, पाण्यात कोण राहतंय ते बघा, पाणी कसंय ते कळतं. आणि गाळणी एकदा ओढ्यात घातलीत की परत चहाला वापरू नका, त्या आईनेच सांगायला सांगितलंय.